पाठीतल्या इंजेक्शननंतर भाचीचं बोलणं गेलं, पुढची केमो द्यायची का?

एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. अकरा वर्षांची भाची, गाव परभणीकडे, उपचार मुंबईत. ए.एल.एल. म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. पहिल्या महिन्यानंतर आजार रेमिशनमध्ये आला, म्हणजे तपासणीत दिसेनासा झाला. पाठीच्या कण्यात मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन झालं आणि नवव्या दिवशी सकाळी तिचा उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. दोन दिवसांत ती पूर्ववत झाली. डॉक्टर म्हणाले, औषधाचा दुर्मीळ परिणाम आहे. घरात आता दोन तट पडले आहेत. आजी म्हणते, पोर हसती-खेळती आहे, विष पुरे झालं. मामा विचारतात, याचा काही परिणाम कायमचा राहील का, पुढचं इंजेक्शन द्यायचं का, आणि असे आणखी कोणते त्रास आहेत जे आम्हाला आधी माहीत हवेत?

मी गेली बावीस वर्षं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार करते आहे. आधी थेट उत्तरं देते. कायमचा परिणाम राहण्याची शक्यता फार कमी आहे. पुढचं औषध बहुतेक वेळा देता येतं, कधी थोडा बदल करून. आणि केमो थांबवायची नाही. आजींची कळकळ मला समजते, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

तुमच्या भाचीला जे झालं त्याला आम्ही मेथोट्रेक्सेटचा स्ट्रोकसारखा झटका म्हणतो. दिसतो अर्धांगवायूसारखा, पण रक्तवाहिनी तुंबलेली नसते. पाठीतल्या इंजेक्शननंतर किंवा शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसनंतर साधारण दोन ते चौदा दिवसांत तो येतो. शंभर मुलांमागे एक ते चार जणांना होतो, दहा वर्षांपुढच्या मुलांना जरा जास्त. त्याची ओळखण्याची खूण म्हणजे तो येतो-जातो. वॉर्डातला एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई विचारत होती, "पाणी देऊ का रे?" तो मान हलवत होता, सगळं समजत होतं, पण तोंडातून फक्त "पा… पा…" निघत होतं. शब्द सापडत नाही म्हणून तो रडत होता, संतापून उशीवर डाव्या हाताने मारत होता. एमआरआयला नेईपर्यंत उजवा हात हलायला लागला. परत वॉर्डात आणला तर पुन्हा लुळा. चेहरा एका बाजूला ओढला गेला, तासाभराने सरळ झाला. तिसऱ्या दिवशी त्याने आईकडे पोहे मागितले, पूर्ण वाक्यात. आज तो कॉलेजात आहे.

त्या आईने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, आणि निदानाला त्याचा फार उपयोग झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा मूल जवळजवळ ठीक दिसत होतं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फक्त तपासलं असतं तर "घाबरलंय, अशक्तपणा आहे" एवढंच लिहिलं गेलं असतं. व्हिडिओमुळे तासाभरात एमआरआय झाला. त्यात मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात डिफ्युजनच्या चित्रावर डाग चमकत होते, आणि ते कुठल्याही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नव्हते. साध्या सिटी स्कॅनवर हे बहुधा दिसत नाही. तुमच्याकडच्या रिपोर्टमध्येही अशाच अर्थाचं काही असेल, शोधून पाहा.

हे का होतं? मेथोट्रेक्सेट फोलेटचा रस्ता अडवतं. ल्युकेमियाच्या पेशींना वाढायला फोलेट लागतं, म्हणूनच ते काम करतं. पण मेंदूच्या पेशींनाही फोलेट लागतं. ते अडलं की होमोसिस्टीन आणि त्यापासून बनणारे मेंदूला चेतवणारे पदार्थ वाढतात, अडेनोसिन साठतं, आणि काही काळ तो भाग गोंधळून जातो. म्हणूनच आम्ही कधी कधी डेक्स्ट्रोमेथॉर्फन देतो, जे खोकल्याच्या औषधात असतं, कारण ते त्या चेतवणाऱ्या पदार्थांची जागा अडवतं. कधी अडेनोसिनविरुद्ध अमिनोफायलिन. खरं सांगायचं तर या दोन्हींचा पुरावा थोड्या थोड्या रुग्णांवरचा आहे, आणि बरीच मुलं काहीही न देता सुधारतात. मी डेक्स्ट्रोमेथॉर्फन देते, कारण त्याचा तोटा कमी आहे. पण घरी खोकल्याची बाटली आणून पाजू नका. त्यात इतर औषधंही मिसळलेली असतात.

आता पुढच्या इंजेक्शनचं. बहुतेक मुलांना मेथोट्रेक्सेट पुन्हा दिलं तरी हा झटका परत येत नाही. काही थोड्यांना येतो. त्यामुळे डॉक्टरांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, पुढची एक-दोन इंजेक्शनं सायटाराबिन आणि हायड्रोकॉर्टिझोनची द्यायची आणि मग मेथोट्रेक्सेटवर परत यायचं. दुसरी, मेथोट्रेक्सेटच द्यायचं, पण त्यानंतर ल्युकोव्होरिनचे, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याचे, डोस आणि सोबत डेक्स्ट्रोमेथॉर्फन. कुठली वाट हे तिचा एमआरआय, पूर्ण सुधारणा झाली की नाही आणि आजाराचा धोका कुठल्या गटातला आहे यावर ठरतं. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: "पुढचं पाठीतलं इंजेक्शन कशाचं, आणि मेथोट्रेक्सेटवर परत कधी?" मेंदू आणि पाठकण्याभोवतीच्या पाण्यात ल्युकेमिया लपून बसतो. तिथे औषध पोहोचवणं सोडलं तर तो तिथूनच उलटतो. त्यामुळे ही इंजेक्शनं कायमची बंद करणं हा पर्याय मी कुणाला सुचवत नाही.

आजींना सांगायला एक जुनी गोष्ट देते. १९४७-४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनॉप्टेरिन दिलं, मेथोट्रेक्सेटचं मोठं भावंड. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने घडवलं होतं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. सोळा मुलांपैकी दहा जणांना गुण आला, मुलं उठून बसली. पण काही महिन्यांत आजार परत आला, कारण एकट्या औषधाने तो तात्पुरता दबतो. आज चार-पाच औषधं आलटून-पालटून दोन ते अडीच वर्षं देतो, म्हणून प्रगत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. हसती-खेळती मुलगी म्हणजे आजार दबलेली मुलगी. तो गेला असं म्हणायला अजून बराच पल्ला आहे.

आता मामांचा तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे इतकं लांब लिहिते आहे. "दुर्मीळ" हा शब्द पालकांना फसवतो. एकेक त्रास दुर्मीळ असतो हे खरं. पण सगळे मिळून पाहिलं तर या उपचारात जवळपास निम्म्या मुलांना कधी ना कधी कुठला तरी एक गंभीर त्रास होतो. आणि तो पहिल्यांदा दिसतो घरी, स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात. डॉक्टर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मूल पाहतो, आई चोवीस तास. त्यामुळे मी औषधाप्रमाणे सांगते, म्हणजे कुठल्या औषधानंतर कुठे नजर ठेवायची ते कळेल.

मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस, जो चोवीस तास सलाईनमधून चालतो, तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. लघवी आम्लधर्मी झाली की औषधाचे स्फटिक मूत्रपिंडातच बसतात, मग औषध बाहेर पडत नाही आणि रक्तात साठतं. म्हणून त्या दिवसांत सोडा बायकार्ब, भरपूर सलाईन, आणि नर्स दर वेळी लघवीत पट्टी बुडवून पाहते. पट्टीवरचा आकडा सातच्या खाली गेला तर सांगायला लाजू नका. ल्युकोव्होरिनचे डोस घड्याळ लावून, एकही चुकवायचा नाही. आणि तुमच्या हातातली गोष्ट ही की त्या आठवड्यात ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी, आयब्युप्रोफेन, न्यूमोनिया होऊ नये म्हणून शनिवार-रविवारी देतात ती सेप्ट्रान, यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ही तिन्ही औषधं मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं लांबवतात. मूत्रपिंड खरोखर बसलं तर ग्लुकार्पिडेज नावाचं औषध रक्तातलं मेथोट्रेक्सेट काही मिनिटांत तोडतं, पण ते फार महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून आधीची काळजीच खरी.

ॲस्पॅराजिनेज हे औषध मला सर्वांत जास्त सावध ठेवतं. त्याशिवाय ए.एल.एल. बरा होत नाही असंच म्हणावं लागेल, आणि त्याचे त्रासही तऱ्हेतऱ्हेचे. ते यकृतात बनणारी प्रथिनं कमी करतं, त्यात रक्त पातळ ठेवणारी प्रथिनंही आली. सोबत स्टेरॉइड असलं की रक्त गोठायला जास्तच धजावतं. शंभर मुलांमागे साधारण पाच जणांच्या शिरेत गुठळी होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ती मेंदूच्या शिरांमध्ये होते.

चौदा वर्षांची एक मुलगी, उपचाराचा तिसरा आठवडा संपत आलेला, घरी गेली होती. डोकं दुखायला लागलं. गावाजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नेलं, तिथे अर्धशिशी सांगितली. सिटी स्कॅन झाला, तो नॉर्मल आला, आणि घरच्यांना हायसं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी ती दात घासायला वाकली आणि तिथेच तिला फिट आली. आमच्याकडे एमआरआयसोबत शिरांचा एमआर व्हेनोग्राम केला तेव्हा कळलं की मेंदूच्या वरची मोठी शीर पूर्ण भरली आहे. नंतर वडिलांनी सांगितलं, "डॉक्टर, ती म्हणत होती झोपलं की जास्त दुखतं, उठून बसलं की बरं वाटतं." ते एक वाक्य पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारायला हवं होतं. गुठळीवरच्या एनोक्सापॅरिनची पोटावरची इंजेक्शनं आईने शिकून घेतली, काही महिने दिली. मुलगी वाचली, ॲस्पॅराजिनेजचे उरलेले डोसही पुढे गुठळीच्या इंजेक्शनच्या आधाराने पूर्ण झाले. पण डाव्या हाताची बोटं अजून थोडी जड आहेत.

त्यामुळे मी प्रत्येक घराला सांगते. ॲस्पॅराजिनेज सुरू असलेल्या मुलाचं डोकं दोन दिवस सलग दुखलं, आडवं झाल्यावर वाढलं, उलटी झाली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तर साध्या सिटीवर समाधान मानू नका. तोंडाने विचारा: "शिरांचा व्हेनोग्राम करायला हवा का?" डॉक्टरला राग येईल ही भीती नको. मला तरी अशा पालकांचा कधी राग आलेला नाही.

याच औषधाने स्वादुपिंडाला सूज येते. वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात दोनापासून अठरांपर्यंत आकडे आहेत, आणि ती इंजेक्शननंतर बहुधा दहा-बारा दिवसांनी येते, म्हणजे घरचे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. बेंबीच्या वर दुखतं, पाठीत जातं, मूल गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतं, हिरवट उलट्या होतात. लहान मूल नुसतंच किरकिर करतं आणि जेवत नाही. केमोत पोट दुखतंच, असं म्हणून दिवस काढू नका. लायपेज आणि अमायलेजची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. सूज तीव्र असेल तर ते औषध पुन्हा द्यायचं नाही, हा आमच्यातला पक्का नियम, कारण दुसऱ्यांदा ती जिवावर बेतू शकते. काही मुलांना नंतर मधुमेह राहतो, त्यासाठी साखर तपासत राहावी लागते.

पहिल्या महिन्यातच, स्टेरॉइडमुळे रक्तदाब चढला की आणखी एक प्रकार होतो. त्याचं नाव प्रेस. मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, आणि बघण्याचं केंद्र तिथेच असल्यामुळे मूल म्हणतं, "आई, लाईट का घालवली?" लाईट चालूच असते. मग झटके येतात. रक्तदाब आणि झटके आवरले की नजर काही दिवसांत परत येते. यात पालकांनी करायचं एकच: वॉर्डात मुलाचा रक्तदाब मोजला जातो आहे ना, हे रोज पाहायचं. लहान मुलाला १३०/९० हा आकडा मोठ्या माणसासारखा "थोडासाच वाढलेला" नसतो.

व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून येतं, तीच आपल्या दारात फुलणारी. पण सदाफुलीची पानं घरी उकळून देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. त्यात डोस मोजता येत नाही, आणि इथे डोस मिलिग्रॅममध्ये बेतलेला असतो. हे औषध नसांवर बसतं. बद्धकोष्ठ आणि जबडा दुखणं बऱ्याच जणांना होतं. दुर्मीळ गोष्टी वेगळ्या: पापणी खाली येते, आवाज बसतो आणि श्वास घेताना घर्र आवाज येतो, कारण स्वरयंत्राच्या पट्ट्या हलत नाहीत. श्वासाचा असा आवाज आला तर रात्री दोनलाही निघायचं. पायाच्या नसा गेल्या की पाऊल उचललं जात नाही. ही तक्रार पालक कधी "पाय लुळा पडला" अशी करत नाहीत. एका आईचं वाक्य मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते: "मॅडम, हिची चप्पल पायातून निसटते, नवी घेतली तरी निसटते." नवव्या मिनिटाला आम्हाला फूट ड्रॉप सापडला. स्प्लिंट, फिजिओथेरपी, डोस थोडा कमी, आणि पाच महिन्यांनी ती मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. पण दोन-तीन डोसनंतरच पाय एकदम जातात आणि घरात आधीपासून कुणाची पावलं उंच कमानीची, पोटऱ्या बारीक असतात, तेव्हा नसांचा आनुवंशिक आजार शोधावा लागतो. वडिलांचे पाय पाहायला मी आता विसरत नाही.

या औषधाबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तेव्हा मी नवी होते, शिकत होते. सात वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसात बुरशी निघाली, म्हणून व्होरिकोनाझोल सुरू झालं. व्हिन्क्रिस्टीन ठरल्या दिवशी दिलं गेलं, मीच दिलं. बुरशीवरची ही औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टीन मोडू देत नाहीत, ते शरीरात जास्त वेळ राहतं. पाचव्या दिवशी मुलाचं पोट नगाऱ्यासारखं झालं, आतडी हलेनात. सातव्या दिवशी सोडियम इतकं उतरलं की झटका आला. मी ते सगळं पाहत होते आणि प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण देत होते. संध्याकाळच्या राऊंडला माझ्या वरिष्ठांनी औषधांचा कागद हातात घेतला, दोन नावांखाली पेनाने रेघ मारली आणि कागद परत दिला, काही बोलल्या नाहीत. मुलगा सुधारला. त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. त्यामुळे आता विनंती करते की ज्या डॉक्टरकडे बुरशीचं औषध मिळेल, अगदी गजकर्णासाठी इट्राकोनाझोल असलं तरी, त्याला सांगा की मुलाला व्हिन्क्रिस्टीन चालू आहे.

आणखी एक, जे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून द्यायचं असतं. ते चुकून पाठीतल्या इंजेक्शनमधून गेलं तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभर अशा घटना घडल्या, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या. पिशवी कुणी पाठीत लावणार नाही. पाठीतलं इंजेक्शन आणि शिरेतलं व्हिन्क्रिस्टीन एकाच खोलीत, एकाच ट्रेवर येऊ नयेत अशी पद्धत चांगल्या केंद्रांत असते. तुम्हालाही विचारायचा पूर्ण हक्क आहे: "पाठीत कुठलं औषध चाललंय?"

मेंटेनन्सच्या, म्हणजे घरी गोळ्यांवर आजार दाबून ठेवण्याच्या, लांबच लांब काळात रोज रात्री सिक्स-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिनची) गोळी असते. काही मुलांचं शरीर ती गोळी नीट मोडत नाही. आपल्या भागात याचं कारण बहुधा एनयूडीटी१५ या जनुकातला बदल असतो. युरोपीय लोकांत टीपीएमटी हे दुसरं जनुक जास्त महत्त्वाचं, आशियात एनयूडीटी१५. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर साधारण ५० ते ७५ ऐवजी दिवसाला शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला १० मिलिग्रॅम इतका छोटा डोस पुरतो. न ओळखता पूर्ण डोस दिला तर पांढऱ्या पेशी शून्यावर येतात आणि नव्याने उगवलेले केस पुन्हा सगळे गळतात. मेंटेनन्समध्ये केस गळणं अपेक्षित नसतं. उशीवर मूठभर केस दिसले तर गोळी द्यायच्या आधी फोन करा. दुसरी गोष्ट लहान, बारीक अंगाच्या मुलांची. रात्री लवकर झोपतात, सकाळी घामाने भिजून, सुस्त उठतात, हाक मारली तर उत्तर देत नाहीत. सिक्स-एमपीवर पहाटे साखर उतरते. झोपण्याआधी दूध-भाकरी, सकाळी उठल्याबरोबर खाणं, आणि डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली की बहुतेकांचं निभावतं.

उपचाराच्या अगदी सुरुवातीला युरिक ॲसिड उतरवायला रासब्युरिकेज देतात. जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं एन्झाइम, कमी असलेल्या मुलात त्याने लाल पेशी फुटतात, ओठ निळे पडतात, ऑक्सिजन लावला तरी बोटावरचं मशीन पंच्याऐंशीच्या आसपास अडकतं. भारतात काही समाजांत ही कमतरता नेहमीची आहे. जी६पीडीची तपासणी रक्त चढवण्याआधी व्हावी, कारण दात्याचं रक्त मिसळलं की रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. लहानपणी कावीळ खूप झाली होती, मामाला अमुक गोळी सोसली नव्हती, असं काही असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

जंतुसंसर्ग हा दुर्मीळ विषय नाही, पण त्याचे काही चेहरे दुर्मीळ आहेत. पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना पोटात उजवीकडे खाली दुखणं, ताप आणि जुलाब: ते अपेंडिक्ससारखं दिसतं, पण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज असू शकते, आणि त्यात घाईने ऑपरेशन करायचं नसतं. एका बाजूचा गाल सुजला, नाकातून काळपट स्राव आला, टाळूवर काळा डाग दिसला तर म्युकरमायकोसिस. २०२१ मध्ये हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, आम्ही तो त्याआधीपासून या मुलांत पाहत होतो. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन टाळू पाहायला अर्धं मिनिट लागतं. स्टेरॉइडचा कोर्स संपल्यावर काही आठवडे शरीर स्वतःचं कॉर्टिझोल पुरेसं बनवत नाही. तेव्हा साधा ताप आला तरी मूल एकदम गळून जातं, हातपाय गार पडतात. इमर्जन्सीत "स्टेरॉइड नुकतंच संपलंय" हे तुम्ही सांगितलं तर हायड्रोकॉर्टिझोन वेळेत मिळतं.

कांजिण्यांबद्दल विशेष सांगते. या मुलांत कधी कधी अंगावर एकही फोड यायच्या आधी पोट आणि पाठ विलक्षण दुखते, कारण विषाणू आधी आत पसरतो. शेजारी, शाळेत, एसटीत कुणाला कांजिण्या असतील आणि मूल जवळ आलं असेल तर फोड येण्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी कळवायचं. संरक्षक इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं, किंवा ॲसायक्लोव्हिर देता येतं. गोवरही तसाच. गोवर बरा झाल्यावर काही महिन्यांनी मेंदूत उतरलेला मी पाहिला आहे, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून घरातल्या बाकी मुलांची गोवर आणि कांजिण्यांची लस पूर्ण करा, त्याने आजारी मुलाला सहसा धोका नाही. फक्त पोलिओचे थेंब मात्र भावंडांनाही नकोत. त्यांना इंजेक्शनची लस द्यायची. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात येतात, त्यांना हे समजावून सांगा. मी त्यासाठी चिठ्ठी लिहून देते.

तुमची भाची अकरा वर्षांची आहे, म्हणून हाडांचंही लक्षात ठेवा. दहा वर्षांपुढच्या मुलांत, मुलींत अधिक, स्टेरॉइडमुळे खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा जातो. जिना चढताना जांघेत दुखतं, मांडी घालून बसवत नाही. एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल असतो, एमआरआयवर आधी कळतं.

ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही. एक छोटी वही करा. डाव्या पानावर तारीख आणि त्या दिवशी दिलेलं औषध, उजव्या पानावर घरी जे वेगळं दिसलं ते तुमच्याच शब्दांत: चप्पल निसटली, दूध नको म्हणाली, चमचा दोनदा पडला. परभणीतल्या एखाद्या डॉक्टरला मध्यरात्री "नऊ दिवसांपूर्वी पाठीत मेथोट्रेक्सेट" एवढं वाचून दाखवता आलं तर त्याचा विचार लगेच योग्य दिशेला जातो. एमआरआय, व्हेनोग्राम यांचा खर्च महात्मा फुले योजनेत कसा बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आत्ताच, त्रास नसताना विचारून ठेवा.

आणि पुढच्या इंजेक्शनचं ठरलं की, ते मेथोट्रेक्सेटचं असेल तर त्यानंतरचे दोन आठवडे तिला गावी नेऊ नका. रात्रभराची रेल्वे, आणि वाटेत हात लुळा पडला तर कुणाला काही सुचणार नाही. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांसाठी सोय होते, तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधीच सांगून ठेवा. तुमच्या ताईंना, म्हणजे तिच्या आईला, रोज सकाळी चहाच्या वेळी तिच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला लावा, नाव, गाव, कालचं जेवण विचारा. अडखळली तर मोबाईल काढून व्हिडिओ घ्या आणि निघा.